फ्लेक्सवरचा महाल

ताईच्या लग्नाचा फोटो मी ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर दाखवला, तेव्हा लिऑनचा सहकारी आधी खूश झाला, मग स्क्रीनच्या जवळ आला आणि मग हसायला लागला. आमची कंपनी पुण्यात, काम फ्रान्सच्या एका क्लायंटचं. रोज दुपारी अर्धा तास बोलणं होतं आणि त्यातली पाच मिनिटं कामाची नसतात. त्यानं विचारलं, "लग्न फ्रान्सला येऊन केलंत की काय?"

"नाही रे. आमच्या गावाकडेच. नागपूरपासून दीडशे किलोमीटरवर हायवेला एक मंगल कार्यालय आहे."

"मग नवरीच्या मागे फुकेचं घर काय करतंय?"

फुके आडनावाची माणसं आमच्या विदर्भातही आहेत. त्यामुळे क्षणभर मला वाटलं, याला कुणीतरी वऱ्हाडी ओळखीचा दिसला. पण तो बोट ठेवून दाखवत होता ते स्टेजमागच्या फ्लेक्सवर. तीस फूट रुंद फ्लेक्स, त्यावर घुमटाचा एक भव्य महाल, पुढे तळं, आखीव हिरवळ, दोन्ही बाजूंना पुतळे आणि आकाशात ताईचं व भाऊजींचं नाव वळणदार इंग्रजी अक्षरांत. मला ते कुठलं तरी पॅरिस वाटत होतं. डेकोरेटरलाही तसंच वाटत होतं.

आमच्या तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील, कचेऱ्या, बाजार सगळं पांढरकवड्यात. केळापूर गाव म्हटलं की लोकांना जगदंबेचं देऊळ आठवतं, नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. हैदराबादकडे जाणारा हायवे इथून पुढे पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो. या हायवेनं आम्हाला धाबे दिले, जिनिंगवाल्यांचे ट्रक दिले, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत मंगल कार्यालयं दिली, प्रत्येकाचं फाटक मागच्यापेक्षा मोठं. ताईचं लग्न त्यातल्याच एकात झालं, दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात.

डेकोरेटर नागपूरचा. तो टॅबलेटवर अल्बम घेऊन आला होता. 'रॉयल राजस्थानी', 'साउथ टेम्पल', 'बोहो' आणि 'फ्रेंच शातो'. मी विचारलं, शातो म्हणजे? तो म्हणाला, "सर, पॅरिस टाइप. एकदम क्लासी. पांढरकवड्यात अजून कोणीच केलं नाही." त्याचं हे शेवटचं वाक्य मला लागलं. पुण्याहून माझ्या टीमची नऊ माणसं येणार होती. झेंडूच्या माळा, लाल-पिवळा मांडव, वर फिरणारे टेबलफॅन हे सगळं त्यांच्या डोळ्यांनी पाहायला लागल्यावर मला ते एकाएकी गावठी वाटू लागलं होतं. फ्रेंच थीम ताईनं निवडली नाही, आईबाबांनी निवडली नाही. ती मी निवडली. सजावटीचे सव्वादोन लाख झाले.

पॅरिस टाइप म्हणजे सगळं फिकट. फिकट गुलाबी, फिकट जांभळं, साय रंगाचे पडदे. आईनं पाहिलं आणि म्हणाली, "धू धू धुतलेल्या लुगड्यासारखे रंग आहेत गा हे." आत्याला पांढरं खटकलं: "लगनात पांढरं कायले?" मी दोघींना हसून गप्प केलं. खरी फुलं चव्वेचाळीस अंशांत दुपारपर्यंतही टिकली नसती, म्हणून कापडाची लावली होती. काचेच्या उंच दिव्यांतल्या मेणबत्त्यांनी चार वाजताच माना टाकल्या. प्रवेशद्वाराशी आयफेल टॉवर होता, लोखंडी सळ्यांचा, नऊ फुटी. त्याला एका पोरानं गाय बांधावी तशी आपल्या लहान भावाची ओढणी बांधून ठेवली होती.

पण खोटं कशाला बोलू, लोकांना ते आवडलं. भाऊजींच्या आजीनं दोघांचा हात धरून स्टेजवर जाऊन महालासमोर एकटीचा फोटो काढून घेतला. "कोन्या राजाचा वाडा हाय हो?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा डेकोरेटरचा पोरगा बेधडक म्हणाला, "पॅरिसच्या राजाचा."

तो राजाचा नव्हताच. गोम तिथेच आहे.

कॉल संपल्यावर मी शोधायला बसलो. पॅरिसच्या आग्नेयेला व्हो-ल-व्हिकोंत नावाची जागा आहे. चौदाव्या लुईचा अर्थमंत्री निकोला फुके यानं तिथे हा महाल बांधला. ल व्हो वास्तुकार, ल ब्रँ चित्रकार, ल नोत्र बागेचा आखणारा. त्या काळातली ही तीन सगळ्यात कसबी माणसं त्यानं एका कामावर लावली. बांधून झाल्यावर १७ ऑगस्ट १६६१ ला त्यानं तरुण राजाला मेजवानी दिली. कारंजी उडत होती, बागेत मोलिएरचं नवंकोरं नाटक पहिल्यांदा झालं, रात्री आतषबाजी झाली. पाहुण्यांच्या जेवणाची व्यवस्था वातेल नावाच्या माणसाकडे होती, आजच्या भाषेत मुख्य केटरर म्हणा.

एकोणीस दिवसांनी, ५ सप्टेंबरला, राजानं फुकेला अटक करवली. अटक करणारा अधिकारी दार्तान्याँ, तोच तो, ज्याच्यावरून पुढे 'थ्री मस्केटिअर्स'चा नायक बेतला गेला. सरकारी पैसा खाल्ल्याचा आरोप, तीन वर्षं खटला. न्यायाधीशांनी हद्दपारी दिली, ती राजाला कमी वाटली, त्यानं ती बदलून जन्मठेप केली. फुके १६८० साली किल्ल्यातल्या तुरुंगात मेला. इतिहासकार म्हणतात की अटकेचं राजाचं मेजवानीआधीच ठरलं होतं, कोल्बेर नावाचा दुसरा मंत्री त्याचे कान भरतच होता. असेल. पण मेजवानीनं काही त्याची बाजू सावरली नाही. राजानं महालातले गालिचे नेले, पुतळे नेले, कुंड्यांतली संत्र्याची झाडं नेली, आणि ते तिघे कसबी कारागीरही नेले. त्यांच्याकडून त्यानं जे उभं करून घेतलं ते व्हर्साय.

म्हणजे ऐपत दाखवायला घातलेल्या जगातल्या सगळ्यात महागड्या पंगतींपैकी एक जिथे उठली आणि यजमान तुरुंगात गेला, ते घर मी माझ्या बहिणीच्या मागे तीस फुटांवर छापून लावलं होतं. आपल्याकडे या महालाची हवा कुठून आली तेही सापडलं. जून २००४ मध्ये पोलाद उद्योगातल्या लक्ष्मी मित्तल यांच्या मुलीचं लग्न इथेच झालं, साखरपुडा व्हर्सायला. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत त्या खर्चाचे आकडे वाचून भारत काही दिवस थक्क झाला होता. माझा अंदाज असा की मोठ्यांच्या लग्नांचे फोटो आधी दिल्ली-मुंबईच्या डेकोरेटरांकडे, तिथून नागपूरच्या टॅबलेटमध्ये आणि तिथून आमच्या हायवेवर आले. वाटेत फुके गळून पडला, घर तेवढं आलं.

मी वाचत गेलो तसा त्या वातेलपाशी अडकलो. फुके गेल्यावर तो दुसऱ्या एका सरदाराकडे लागला. एप्रिल १६७१ मध्ये शांतीयीच्या महालात त्याच राजासाठी काही दिवसांचा सोहळा होता. शुक्रवारच्या जेवणासाठी मागवलेले मासे पहाटे वेळेवर आले नाहीत. आता सगळ्यांसमोर नाचक्की होणार, असं वाटून वातेलनं स्वतःला तलवारीवर झोकून दिलं. गाड्या येतच होत्या.

मी तो टॅब बंद केला. यवतमाळ जिल्ह्यातला माणूस अशी गोष्ट वाचताना ती फ्रान्सची म्हणून वाचू शकत नाही.

मी लहान होतो तेव्हा आमच्या भागात पंतप्रधान येऊन गेले होते, २००६ साली. त्याच वर्षी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत घरोघर सर्वेक्षण झालं. कुणावर किती कर्ज, घरात आजारी कोण, आणि लग्नाची मुलगी आहे का. कापसाच्या भावाच्या ओळीत मुलीच्या लग्नाची ओळ. ती बाई वही घेऊन आमच्या ओट्यावर बसली होती, आणि आईनं ताईला उगाचच विहिरीवर पाठवलं होतं, ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची असूनही. पुढच्या वर्षी माझ्या मोठेबाबांच्या मुलीचं लग्न सामूहिक सोहळ्यात झालं. शाळेच्या मैदानावर मांडव, पन्नासच्या वर जोडपी, सगळ्या नवऱ्यांना एकसारखे फेटे आणि सगळ्या नवरींना एकाच ठाणातल्या साड्या. छातीवर बिल्ला, बिल्ल्यावर क्रमांक. माइकवरून मंगलाष्टकं आणि मध्येमध्ये "जोडी क्रमांक अमुक, आपले पालक स्टेजजवळ यावेत." भाषण लांबलं, अक्षता हातात घामानं चिकटल्या. बाबा तिथे काही बोलले नाहीत. बैलबंडीत बसल्यावर म्हणाले, "माह्या पोरीले नंबर नाई लावू देनार."

गंमत म्हणजे त्या चुलतबहिणीला याचं काही दुःख नाही. तिथे मिळालेला तांब्याचा गुंड ती अजून वापरते, आणि म्हणते, "बाबाच्या डोक्यावर एक रुपया चढला नाई, अजून काय पायजे?" पण बाबांच्या मनात तो बिल्ला बसला तो बसलाच. मी फ्रेंच महाल निवडला तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही, त्याचं कारण आता कळतं. महालाला नंबर नसतो.

त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, पंगत. आमच्या गावात लग्नाचं जेवण म्हणजे आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, पुऱ्या, बुंदी, मठ्ठा. आणि मुख्य म्हणजे खाली बसलेला माणूस आणि वाढायला वाकलेला माणूस. बाबा अख्ख्या गावात वाढपी म्हणून प्रसिद्ध. दुसऱ्याच्या लग्नातही धोतराचा सोगा खोचून वरणाची बादली घेऊन ओळीतून पळतात. मी म्हटलं, थीमशी जुळत नाही. बुफे ठेवू, फ्रेंचच शब्द आहे. हे मी खरंच म्हणालो. मग लग्नाच्या दिवशी बाबा कोट घालून काउंटरच्या टोकाला उभे राहिले आणि ताट घेऊन रांगेत सरकणाऱ्या आपल्याच गावकऱ्यांना "घ्या, घ्या, जेवून घ्या" म्हणत राहिले. त्यांच्या हातात बादली नव्हती. हात कुठे ठेवावे हे त्यांना सुचत नव्हतं. फोटोतही तसंच आलंय.

नंतर मी लिऑनवाल्याला विचारलं, तुझ्या लग्नात बुफे कसा होता? त्याला प्रश्न कळला नाही. लग्नाच्या जेवणाला बुफे? त्यांच्याकडे लग्नाचं रात्रीचं जेवण म्हणजे बसून. प्रत्येकाच्या जागेवर त्याच्या नावाची चिठ्ठी, एकामागून एक पदार्थ वाढले जातात, मध्ये भाषणं, गाणी, आणि हे चार-पाच तास चालतं. शेवटी गोडात क्रोकाँबूश येतं. क्रिम भरलेले छोटे गोळे साखरेच्या पाकानं चिकटवून रचलेला उंच सुळका, आपल्या रुखवतातल्या लाडवांच्या मनोऱ्याचा भाऊ शोभावा असा. जाताना पाहुण्यांना साखरेत घोळवलेले बदाम, बहुधा पाच. आणि लग्न लावून निघालेल्या गाड्या गावभर हॉर्न वाजवत जातात. तो हे सांगत होता आणि मला वाटत होतं, हा आमच्या आत्याच्या लग्नाचं वर्णन करतोय. फ्रेंच शैलीत लग्न करायचं म्हणून मी त्यातली जी एक गोष्ट आमच्याकडे आधीच होती, ती काढून टाकली.

अशी फ्रान्सची हौस आपल्यात नवी नाही. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची बर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकारानं काढलेली दोन चित्रं प्रसिद्ध आहेत. पहिल्यात ते पाश्चात्त्य मेजवानीच्या काळ्या पोशाखात आहेत, सडपातळ, सुंदर, थोडे हरवलेले. काही वर्षांनी काढलेल्या दुसऱ्यात पांढरी मराठी वस्त्रं, पगडी, मांडी घातलेली. चित्रकार तोच, माणूस तोच. दुसऱ्या चित्रातला माणूस घरी बसल्यासारखा दिसतो. महाराजांना दोन्ही करून पाहायची सोय होती, आमच्याकडे एकच दिवस आणि एकच कार्यालय होतं.

लिऑनवाल्याचं लग्न त्याच्या आईच्या गावी झालं. तिथल्या मेयरनं लावलं. मेयर म्हणजे आपल्या कल्पनेतला महापौर नव्हे; फ्रान्समध्ये अशी पस्तीस हजारांच्या आसपास गावं-शहरं आहेत आणि दोन-तीनशे वस्तीच्या गावालाही मेयर असतो, म्हणजे सरपंचच. तो खांद्यावरून निळा-पांढरा-तांबडा पट्टा घेतो आणि गावच्या कचेरीत लग्न लावतो. कायद्यानं लग्न एवढंच. चर्चमध्ये जायचं तर नंतर जा. आधी चर्चमध्ये लग्नं लावत बसणाऱ्या पाद्र्याला शिक्षा आहे. हा कायदा २० सप्टेंबर १७९२ चा, राजेशाही रद्द झाली त्याच्या आदल्या दिवसाचा. लग्नाआधी दहा दिवस दोघांची नावं कचेरीवर लावतात. आणि लग्न चालू असताना खोलीचं दार उघडं ठेवावं लागतं, कुणालाही येऊन बघता यावं म्हणून. मग मेयर नागरी संहितेतली काही कलमं वाचून दाखवतो. एकमेकांचा आदर, निष्ठा, मदत. आणि एक कलम असं की घरखर्चात दोघांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वाटा उचलायचा.

हे ऐकून मी थांबलो. भर लग्नात, सगळ्या पाहुण्यांसमोर, उघड्या दारात, ऐपत हा विषय मोठ्यानं वाचला जातो! आमच्या घरात लग्न ठरल्यापासून वरात निघेपर्यंत ऐपत या विषयावर एकही वाक्य कुणी पूर्ण केलं नव्हतं. बाबा मला विचारत, "होईल ना?" मी म्हणे, "होईल." मी विचारे, "तुमचं?" ते म्हणत, "माह्यं तू पाहू नको."

आणि हे सगळं ताईनं वर्षभर आधी मांडलं होतं. ताई आरोग्यसेविका आहे. उपकेंद्रावर नोकरी, दारोदार फिरून लोकांना नोंदणीचं महत्त्व सांगायचं काम. त्यामुळे स्वतःच्या लग्नाची नोंदणी हा तिला विनोद वाटत नव्हता. तिनं १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची माहिती काढली होती. यवतमाळला विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती कार्यालयात तीस दिवस लागते, कुणी कायदेशीर हरकत घेतली नाही तर तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकेक वाक्य म्हणायचं. मी तुला माझा कायदेशीर नवरा, किंवा बायको, म्हणून स्वीकारतो, अशा अर्थाचं, दोघांना समजेल त्या भाषेत. विधी करायचाच तर कुठलाही करा, कायदा अडवत नाही. "सही करून येऊ," ती म्हणाली होती, "अन् संध्याकाळी देवळापाशी गावाले पंगत. बाबा वाढतील." शेतकऱ्यांच्या मुलींसाठी सरकारची जी शुभमंगल योजना आहे तिच्यातही सामूहिक लग्नाबरोबर नोंदणीकृत लग्नाला अनुदान आहे, हेही तिनं सांगितलं. आपल्याला ते नको, पण सरकारही त्याला लग्न म्हणतं, एवढंच दाखवायला.

मी पुण्याहून फोनवर होतो. मी म्हणालो, "काय ताई, आयुष्यात एकदाच होतं. तू टेन्शन घेऊ नको, मी आहे ना." बाबांना कोर्टातलं लग्न म्हणजे पळून जाऊन केलेलं लग्न वाटलं. दोघांनी मिळून तिला गप्प केलं. ती फार भांडली नाही. नंतर एकदा तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं, "दार्शनिक भागात नोटीस लावतात, लोक वाचतात, म्हणून बाबांना लाज वाटते का रे? लग्नपत्रिकाही लोक वाचतातच." मी त्यावर हसरा चेहरा पाठवला.

व्हो-ल-व्हिकोंतबद्दल वाचल्यावर आणखी दोनेक महिन्यांनी पीक विम्याच्या अर्जासाठी सातबारा लागला. आता तो ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांत. घरातला इंजिनिअर म्हणून ही कामं माझी. पुण्यात खोलीवर बसून मी तो उतरवला. आमच्या सात एकरांचा गट क्रमांक, बाबांचं नाव, आकार, सगळं ओळखीचं. उजवीकडे इतर अधिकारांत सोसायटीचं पीककर्ज असतंच. त्याच्याखाली एक नवी ओळ होती. बँकेचा बोजा, रुपये ३,००,०००. फेरफाराची तारीख लग्नाच्या दीड महिना आधीची.

बोजा हा शब्द मी शेकडो सातबाऱ्यांवर पाहिलाय, शेजाऱ्यांचे उतारेही मीच काढून देतो. पण त्या रात्री मी बाबांना तीन वेळा फोन केला. पहिल्या दोन वेळा त्यांनी उचलला नाही, ते शेजारी भजनाला गेले होते. त्या पंचवीस मिनिटांत मी काय काय विचार केला ते लिहीत नाही. तिसऱ्यांदा उचलला, मागे टाळ वाजत होते. मी म्हटलं, काही नाही, सहजच केला.

दिवाळीच्या आधी गावी गेलो. संध्याकाळी आम्ही दोघं वावरात होतो. कर्ज कागदावर पाइपलाइनसाठी घेतलं होतं हे मला तोवर ताईकडून कळलं होतं. तिलाही लग्नानंतरच कळलं. विहिरीपासून खालच्या तुकड्यापर्यंत तीन इंची पाइप टाकायचा बेत माझ्या दहावीपासून ऐकतोय. मी विचारलं, "बाबा, पाइपलाइन कुठी आहे?"

ते खाली वाकून तुरीच्या शेंगा चाचपत होते. म्हणाले, "मांडवात गाडली."

मग जरा वेळानं, "पाच लाख तुवा देल्ले. मंग म्या काय हात जोडून नुसता दारात उभा राहू? पोरीचं लगन बापाचं असते."

मी म्हटलं, मी फेडतो. ते म्हणाले, "फेडजो. घाई नाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता, ते मला जास्त जड गेलं. मी म्हणालो की तुम्ही सांगितलं असतं तर मी तो महाल-बिहाल काही केलं नसतं. यावर ते हसले. "तुह्या दोस्तायसमोर तुले खाली पाहा लागलं असतं, मले दिसत होतं ना." म्हणजे मी त्यांच्या बिल्ल्यासाठी आणि ते माझ्या नऊ दोस्तांसाठी. मधल्या मध्ये ताई सव्वादोन लाखांच्या कापडी फुलांत बसून होती, दोघांसाठी.

काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांना त्या महालाची गोष्ट सांगितली. अर्थमंत्री, मेजवानी, कारंजी, राजा, अटक. बाबांनी नीट ऐकून घेतली. मला वाटलं ते म्हणतील, बघ, ऐपतीबाहेर गेलं की असं होतं. ते म्हणाले, "राजा घरी जेवाले येते म्हटल्यावर मानूस काय वरन-भात ठेवन?"

"पण त्यालाच राजानं आत टाकलं."

"त्याच्या पोरीचं लगन होतं?"

"नाही. नुसतीच पार्टी."

"मंग कायले केलं गा त्यानं?" आणि त्यांना फुकेची मनापासून कीव आली.

अंधार पडत आला होता, दक्षिणेकडे वीज चमकत होती. सोयाबीन कापून गंजी लावलेली, मळणीयंत्र दोन दिवसांनी येणार होतं. बाबा गोठ्याकडे गेले आणि खांद्यावर गुंडाळी घेऊन आले. एक टोक त्यांनी मला धरायला दिलं. गंजीवरून फ्लेक्स पसरला तेव्हा महाल उलटा आला, घुमट खाली, तळं वर. बाबा म्हणाले, ताडपत्रीले साडेचार हजार पडते, हे चांगलं जाड आहे, पानी जिरत नाई. आम्ही चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. एक दगड ताईच्या नावावर येत होता, तो त्यांनी उचलून जरा अलीकडे, पुतळ्यांवर ठेवला.